उतरवलं, पण वाचून पाहिलं का?

२७ जून २०१७, मंगळवार. न्हावा-शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि पनवेल-उरण पट्ट्यातल्या कंटेनर वाहतुकीला एकाएकी खीळ बसली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातलं. कुठला कंटेनर कोणाचा, तो यार्डात कुठल्या रांगेत आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हे सगळं फक्त संगणकाला ठाऊक होतं. कंटेनर जागच्या जागी होते, क्रेन शाबूत होत्या, माणसं कामावर हजर होती. यादी तेवढी नव्हती. टर्मिनलवर काम हातानं करायची वेळ आली. युक्रेनमधल्या करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला होता आणि त्याचा फटका काही तासांत आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत पोचला होता.

पुढे जे घडलं ते बॅकअपचा विषय निघाला की सांगावंच असं आहे. मर्स्कच्या जाळ्यात कोण कर्मचारी, त्याला कुठल्या यंत्रावर किती अधिकार, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते. प्रत्येकाकडे तीच नोंद, आणि ते सतत एकमेकांशी ताळमेळ ठेवत. एक गेला तर दुसरा उभा राहील, असा हिशेब. सगळे एकदमच जातील हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. पण ते एकमेकांना जोडलेले होते आणि म्हणूनच एकदम गेले. शोधता शोधता घानातल्या कार्यालयातला एक सर्व्हर सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यातून तुटलेला होता आणि वाचला होता. त्यातली माहिती इंग्लंडला पाठवायची तर तिथली लाइन इतकी संथ की कित्येक दिवस लागले असते. शेवटी एक माणूस डिस्क घेऊन घानाहून नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसरा लंडनच्या विमानात बसला. त्या नोंदीच्या आधारावर मर्स्कनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. हे आकडे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितले. तोटा वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेला.

एवढ्या मोठ्या कंपनीचं पुनरुज्जीवन एका डिस्कवर, ती हातात धरून नेणाऱ्या माणसांवर आणि पलीकडे ती वाचता आली यावर अवलंबून होतं. या लेखाला त्यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्या बॅकअप सर्व्हरवरचा साठा नव्या यंत्रावर हलवणं हे पनवेलसारख्या गावात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कार्यालयात होणारं काम. ते रात्री किंवा रविवारी होतं, त्याचा गाजावाजा नसतो आणि कॉपी पूर्ण झाली की काम संपलं असं सगळे धरून चालतात. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं.

स्थलांतराचं हे काम टाळता येत नाही, कारण कायद्याचं आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून मोठं आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलला आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घेणं बंधनकारक झालं. त्याआधी नियमात 'ठरावीक काळानं' एवढंच होतं. आता चांगल्या प्रतीच्या सर्व्हर डिस्कची हमी पाच वर्षांची असते. म्हणजे आठ वर्षं जपायची वस्तू पाच वर्षांच्या पेटीत ठेवायची आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा कारखाना असो की जुन्या पनवेलमधलं सनदी लेखापालाचं कार्यालय, प्रत्येकाच्या जुन्या वहीखात्याला एकदा तरी घर बदलावं लागणारच.

मग घर बदलताना काय काय होतं?

पहिला अडसर वेळेचा. समजा साठा ४० टेराबाइटचा आहे. कार्यालयातल्या साध्या गिगाबिट तारेवरून, तार एक क्षणही रिकामी न ठेवता, तो हलवायला पावणेचार दिवस लागतात. दहापट वेगवान जोडणी असेल तर नऊ तास. तोच साठा १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून बाहेर पाठवायचा म्हटलं तर ३७ दिवस. आणि हे झाले कागदावरचे आकडे. साठ्यात लाखो बारक्या फाइली असतील तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जातो आणि वेग निम्म्याच्याही खाली येतो. शिवाय या काळात रोजचा नवा बॅकअप थांबवता येत नाही. म्हणून जाणकार आधी जुन्या सर्व्हरचा एका क्षणाचा गोठवलेला ठसा घेतात, म्हणजे स्नॅपशॉट, आणि तो सावकाश उतरवतात; मग फक्त मधल्या दिवसांतला फरक उतरवतात, मग त्याच्याही नंतरचा. फरक काही मिनिटांत उरकेल इतका छोटा झाला की एका रात्री जुन्या यंत्राला लिखाण बंद करायचं, शेवटचा फरक उतरवायचा आणि सगळ्यांना नव्या पत्त्यावर वळवायचं. याला त्या क्षेत्रात कटओव्हर म्हणतात. ऐन मार्चअखेरीला किंवा जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या तारखेला ही रात्र ठेवू नये, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी ठेवली जाते.

दुसरा अडसर जुन्या यंत्राच्या प्रकृतीचा. पाच-सहा वर्षं अखंड फिरलेल्या डिस्कांनी एवढा मोठा साठा सलग कधी वाचलेला नसतो. रोजच्या बॅकअपमध्ये त्यांच्यावर लिहिलं जातं. लिहिलेलं परत वाचायची वेळ क्वचितच येते. स्थलांतराच्या वेळी प्रथमच कोपरान् कोपरा वाचला जातो आणि दोन वर्षांपूर्वीच न वाचण्याजोगे झालेले सेक्टर तेव्हा उघडकीला येतात. साध्या प्रतीच्या डिस्कच्या माहितीपत्रकातच साधारण साडेबारा टेराबाइट वाचताना एखादा सेक्टर वाचता न येणं गृहीत धरलेलं असतं. एक डिस्क आधीच गेली असेल आणि उरलेल्या डिस्कांवरून तिची भरपाई चालू असेल, तर असा एक सेक्टरही महागात पडतो. यंत्र उचलून दुसरीकडे न्यायचं असेल तर आणखी एक धोका. वर्षानुवर्षं न थांबलेली डिस्क एकदा बंद केली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. म्हणून आधी कॉपी, मग यंत्र बंद, हा क्रम. सायन-पनवेल महामार्गावरून सर्व्हर नेताना प्रत्येक डिस्क कुठल्या खणातली हे लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर चिकटवलेली हवी.

पण सगळ्यात फसवे असतात ते न दिसणारे भाग. बॅकअपच्या सॉफ्टवेअरची एक अनुक्रमणिका असते. कुठल्या तारखेची कुठली फाइल कुठल्या तुकड्यात आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तुकडे हलवले आणि अनुक्रमणिका राहिली, तर नव्या यंत्रावर फक्त ढीग जातो. साठा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याची किल्ली कुठे आहे? बहुतेक वेळा ती त्याच जुन्या यंत्रावर असते. जागा वाचवण्यासाठी सारखे तुकडे एकदाच साठवणारी पद्धत असेल तर वीस टेराबाइटचा साठा साध्या कॉपीनं उतरवताना कित्येक पट फुगतो आणि नवं यंत्र अर्ध्यातच भरतं. टेपवर बॅकअप घेणाऱ्यांचं वेगळंच. एलटीओ या प्रकारच्या टेपमध्ये सातव्या पिढीपर्यंतचं यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत असे. आठव्या आणि नवव्या पिढीचं यंत्र फक्त एक पिढी मागचंच वाचतं. सहाव्या पिढीच्या टेप कपाटात ठेवून कोणी आठव्या पिढीचं नवंकोरं यंत्र घेतलं, तर कपाटातल्या टेप धडधाकट असूनही मुक्या होतात.

गिटलॅब या कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबी माहिती. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एकही वेळेला धड कामाला आली नाही. मुख्य कारण डोळे उघडणारं आहे: डेटाबेस नव्या आवृत्तीवर गेला होता, पण बॅकअप घेणारं हत्यार जुन्या आवृत्तीचं राहिलं होतं. ते रोज चालू व्हायचं आणि रोज अपयशी व्हायचं. अपयशाची ईमेलही निघत असे, पण ती ईमेल व्यवस्थेनं नाकारल्यामुळे कोणापर्यंत पोचतच नव्हती. बॅकअप जिथे साठायचा ती जागा उघडून पाहिली तर रिकामी. योगायोगानं एका अभियंत्यानं सहा तास आधी चाचणीसाठी हातानं घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. कंपनीनं ही सगळी हकिकत स्वतःहून तपशीलवार प्रसिद्ध केली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. अमेरिकेतल्या डॅलस शहरात २०२१ च्या वसंतात पोलिसांचा जुना साठा क्लाउडवरून शहराच्या स्वतःच्या सर्व्हरवर हलवताना २२ टेराबाइट पुसले गेले. त्यातले १४ च्या आसपास परत मिळाले. बाकीच्यात गुन्ह्यांच्या तपासाचे कागद होते.

हे वाचून वाटेल की या सगळ्या परदेशातल्या आणि संगणकाच्या गोष्टी. पण मोठा साठा एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवताना काय चुकतं आणि ते कसं पकडायचं, हा अनुभव महाराष्ट्राच्या खेड्यांना फार जुना आहे. सातबारा घ्या. हाती लिहायच्या काळात गाव नमुना सात आणि बाराचं पुस्तक दर दहा वर्षांनी नव्यानं लिहून काढलं जाई. तलाठी जुनं पुस्तक समोर ठेवून नवं लिहीत असे. याला पुनर्लेखन म्हणत. जीर्ण वहीवरून नव्या वहीवर केलेलं ते स्थलांतरच. आणि त्यात काय काय गळे? एखाद्या बहिणीचं वारस म्हणून लागलेलं नाव, इतर हक्कातला कुळाचा शेरा, क्षेत्राच्या आकड्यातला दशांश. पुढचा तलाठी नव्या पुस्तकावरून त्यापुढचं लिही, त्यामुळे एकदा गळलेलं नाव पुढच्या प्रत्येक प्रतीत गळलेलंच राही आणि जुनं पुस्तक रेकॉर्ड रूममध्ये जाई. लेखनातल्या अशा चुका दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, आणि तहसील कार्यालयात त्याखालचे अर्ज वर्षानुवर्षं येत राहिले आहेत.

मग सातबारा संगणकावर आला आणि हे स्थलांतर एकदम राज्यभर झालं. हस्तलिखितावरून टंकताना चुका झाल्याच. त्या शोधायला २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारनं गावोगाव चावडी वाचन घेतलं. संगणकात चढलेला सातबारा गावात मोठ्यानं वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, आपल्या नावात, क्षेत्रात, आणेवारीत फरक दिसला तर तिथेच सांगायचं. त्या आक्षेपांवरून हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त्या झाल्या आणि १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. ही मोहीम सगळीकडे सारख्या गांभीर्यानं झाली असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामागची समज मोलाची होती. प्रत बरोबर आहे की नाही हे प्रत करणाऱ्यानं ठरवायचं नाही. ज्याची जमीन आहे त्यानं ऐकून ठरवायचं.

पनवेल तालुक्यात तर सातबाऱ्यावरच्या एका ओळीची किंमत शब्दशः कोटींत आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, पाच जणांचा बळी गेला आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या हक्काचा आधार कागद. संपादनाच्या वेळी कोणाच्या नावावर किती क्षेत्र होतं हे दाखवणारा कागद ज्या घरात जपला गेला त्या घराची गोष्ट वेगळी आणि ज्यांचं नाव कुठल्याशा पुनर्लेखनात गळलं त्यांची वेगळी. 'जुनी नोंद काढून बघा' हे वाक्य या तालुक्यात सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सतत असतं, ते उगीच नाही.

संगणकाकडे चावडी वाचनाचं स्वतःचं साधन आहे. त्याला चेकसम म्हणतात. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावर एक गणित चालवायचं आणि एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा. शहाऐंशी जीबीची फाइल असो की दोन ओळींची, शा-२५६ या पद्धतीत आकड्याची लांबी तीच: ६४ अक्षरं. मूळ फाइलमधला एक ठिपका बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. जुन्या यंत्रावर आकडा काढा, नव्यावर काढा, दोन्ही जुळले तर प्रत तंतोतंत. सन मायक्रोसिस्टिम्सनं २००५ मध्ये आणलेल्या झेडएफएस या साठवण पद्धतीत तर प्रत्येक तुकड्याचा चेकसम कायमचा लिहिलेला असतो आणि ठरावीक काळानं सगळा साठा वाचून तो ताडला जातो. डिस्क शांतपणे एखादा ठिपका विसरली तर ते उघड होतं आणि दुसरी प्रत असेल तर दुरुस्तही होतं. बॅकअपसाठी नवं यंत्र घेणाऱ्यानं अशी पद्धत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण चेकसमची मर्यादाही ओळखली पाहिजे. तो सांगतो की नवी प्रत जुन्या प्रतीसारखी आहे. जुनी प्रतच अपुरी असेल, तर तो अपुरेपणाही तंतोतंत उतरल्याची ग्वाही देतो. पुनर्लेखनात गळलेलं नाव तसंच पुढे जातं. म्हणून शेवटी रिस्टोर करून पाहावं लागतं: नव्या यंत्रावरून एका वेगळ्या, कोऱ्या संगणकावर माहिती परत उतरवायची, सॉफ्टवेअर चालू करायचं आणि तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या महिन्याचा ताळेबंद काढून छापील प्रतीशी ताडायचा.

मग हा सगळा व्याप एखाद्या मोठ्या डेटा सेंटरवर सोपवला तर? पनवेलच्या पुढे भोकरपाड्याच्या बाजूला हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचं एनएम-वन हे डेटा सेंटर सुरू झालं. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते, कोविडच्या दिवसांत, दूरस्थ पद्धतीनं उद्घाटन झालं. ८ लाख २० हजार चौरस फूट, ७,२०० रॅक बसतील एवढी जागा आणि अपटाइम इन्स्टिट्यूटचं टिअर फोर प्रमाणपत्र. या दर्जाच्या केंद्रात यंत्र बंद पडण्याचा काळ वर्षाला २६ मिनिटांच्या आसपास धरला जातो. त्याची किंमत या भागाला लगेच कळली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा-खारघर पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल सगळीकडची वीज गेली. लोकल थांबल्या. अशा दिवशी स्वतःचे जनित्र संच असलेली इमारत आणि गाळ्याच्या माळ्यावर इन्व्हर्टरवर चालणारा सर्व्हर यांत काय फरक असतो हे सांगावं लागत नाही.

तरीही अशा इमारतीत यंत्र ठेवलं म्हणजे बॅकअपचा प्रश्न सुटला, हा समज खरा नाही. तिथे मिळते वीज, थंडावा, पहारा, जोडणी. प्रत मात्र आपणच करायची असते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांची मूळ माहिती आणि तिचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते. दक्षिण कोरियातली घटना याहून ताजी. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये जुन्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरच्या खोलीतून खाली हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सरकारच्या ७०९ सेवा थांबल्या. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रं जिथे ठेवत त्या जी-ड्राइव्हवरचे ८५८ टेराबाइट कायमचे गेले. त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. साठा फार मोठा म्हणून घेतला नव्हता.

आता दुसरा धोका, आणि इथे तळोजा-रसायनीच्या कारखानदारांनी कान द्यावा. २१ मार्च २०२१ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे खुद्द एमआयडीसीवर, खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. राज्यभरच्या कार्यालयांतलं ऑनलाइन काम अडलं. तेव्हा महामंडळानं सांगितलं की मुख्य प्रणालींचे बॅकअप जाळ्याच्या वेगळ्या भागात होते आणि त्यांना लागण झालेली नाही. आधार त्या वेगळेपणाचाच होता. असे हल्लेखोर हल्ली आत शिरल्यावर आधी बॅकअप सर्व्हर शोधतात. आणि स्थलांतराचे दिवस त्यांच्या सोयीचे असतात: जुनं आणि नवं यंत्र एकाच तारेवर, दोन्हींना एकच पासवर्ड, सोपं जावं म्हणून फायरवॉल सैल केलेली, बाहेरच्या तंत्रज्ञाला दूरवरून प्रवेश दिलेला. काम झाल्यावर ही दारं बंद करायचं राहून जातं. नव्या सर्व्हरचा पासवर्ड कार्यालयाच्या नेहमीच्या खात्यांशी अजिबात जोडलेला नसावा, आणि एक प्रत तरी कुठल्याही तारेला न जोडलेली असावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारानं मांडला तो स्वतःची छायाचित्रं सांभाळता सांभाळता. पनवेलच्या छोट्या कार्यालयालाही तो परवडतो. दुसरं गाव म्हणजे पेण किंवा कर्जतचं भावाचं घरही चालेल, फक्त डिस्क कुलूपबंद हवी. आणि गाढी नदीच्या पाण्याचा धाक असलेल्या भागातल्या दोन इमारती म्हणजे दोन गावं नव्हेत.

लहान कार्यालयांना माझा सल्ला याहून एका पायरीनं साधा आहे. जुना सगळा इतिहास हलवायचा हट्ट धरू नका. नव्या यंत्रावर आजपासून नवे बॅकअप सुरू करा, चालू वर्षाचा आणि मागच्या वर्षाचा साठा उतरवा, आणि सुट्या डिस्कवर एक पूर्ण प्रत काढून झाली की जुनं यंत्र सगळ्या इतिहासासह तारेवरून काढून ठेवा. दर तीन महिन्यांनी ते चालू करून त्यातली एखादी फाइल उघडा. त्यातल्या शेवटच्या वर्षाची आठ वर्षांची मुदत संपेपर्यंत ते कामाचं आहे. मात्र त्याच्या डिस्कांची प्रकृती ढासळायला लागली तर लगेच आणखी एक पूर्ण प्रत काढायची. यात विजेचा खर्च नगण्य आणि धोका कमी; संपूर्ण स्थलांतर विकणाऱ्याला हा मार्ग आवडणार नाही, पण ग्राहकाच्या हिताचा आहे.

आणि रिस्टोर करून पाहायला यंत्र बसवणाऱ्या माणसाला बसवू नका. त्याला फाइल उघडली एवढंच कळेल. जी बाई गेली दहा वर्षं तिथे हिशेब लिहिते आहे तिला बसवा. कुठल्या महिन्यात कुठल्या पार्टीची परतफेड उशिरा आली, कुठलं बिल दोनदा चढलं होतं आणि नंतर उलटवलं, हे तिच्या डोक्यात असतं. ती दहा मिनिटांत सांगेल की ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर आहे आणि डिसेंबरचे शेवटचे चार दिवस नाहीत. तिनं 'बरोबर आहे' म्हटल्यावर तारखेसह कागदावर तिची सही घ्यावी. जुन्या डिस्का त्यानंतरही किमान एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत भंगारात देऊ नयेत. देताना नुसतं फॉरमॅट करून भागत नाही. त्यावरचं सगळं नव्यानं लिहून पुसावं किंवा डिस्कला आपल्या डोळ्यांसमोर भोक पाडून घ्यावं, कारण कळंबोलीच्या भंगारवाल्यापर्यंत गेलेली डिस्क तिथेच थांबेल असं नाही, आणि तिच्यावर तुमच्या गिऱ्हाइकांचे पॅन क्रमांक आहेत.